अपेक्षित सरांचा रोबो

मुकुंदवाडीच्या त्या शाळेत सुदर्शन औताडे या माणसाला त्याच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. मस्टरवर नाव होतं, पण तेही तासिका तत्त्वावरचं, जूनमध्ये लिहायचं आणि एप्रिलमध्ये विसरायचं. पोरं त्याला अपेक्षित सर म्हणत. दहावीच्या पेपरात काय येणार हे या माणसाला आधीच कळतं, अशी त्याची ख्याती होती.

ख्याती खोटी नव्हती. मागच्या पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन तो बसायचा. पेपर काढणारा माणूसही शेवटी माणूसच, त्यालाही कंटाळा येतो, आणि कंटाळलेला माणूस तेच तेच विचारतो, एवढंच त्याचं शास्त्र होतं. तो प्रश्न काढायचा, उत्तरं फळ्यावर लिहायचा, पोरं घोकायची आणि पास व्हायची. पास झालेली पोरं पुन्हा फिरकायची नाहीत, पण त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. लासूर स्टेशनच्या पलीकडं त्याच्या घरची कोरडवाहू जमीन होती, आणि कोरडवाहू जमिनीत उद्याचं कुणालाच काही सांगता येत नाही. त्या न सांगता येण्याचा त्याला लहानपणीच वीट आला होता. म्हणून शहरात येऊन त्यानं आधी माहीत असण्याचा धंदा धरला.

एक गोष्ट तेवढी त्याला कधी आधी कळली नाही. आपण कायम कधी होणार. चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, बरोबरचे दोघं मुख्याध्यापक झाले, आणि हा अजून तासाला हजेरी मांडत होता. बायको मोनाली गुलमंडीवर साड्यांच्या दुकानात उभी राहायची म्हणून घर चालत होतं.

मग शाळेत रोबोटिक्स आलं. म्हणजे आधी पाटी आली. आसपासच्या इंग्रजी शाळांनी तशा पाट्या लावल्या होत्या, म्हणून संस्थेनंही प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीवर ‘रोबोटिक्स लॅब’ अशी पाटी ठोकली. आत कुठल्याशा कंपनीनं टाकून दिलेले जुने संगणक होते. रोबो नव्हता. संस्थेचे सचिव सदाशिवराव जहागीरदार म्हणाले, “खऱ्या रोबोचं नंतर पाहू. हल्ली सगळं पडद्यावरच शिकवतात म्हणे.”

ते खरंच होतं. विद्यार्थ्यांच्या राज्य स्पर्धेची पहिली फेरी सिम्युलेटरवर होणार होती. सिम्युलेटर म्हणजे संगणकातलं खोटं मैदान. पांढरी चटई, तिच्यावर काळ्या रेघा, रंगीत ठोकळे, आणि कोपऱ्यात पिवळा रोबो. पोरांनी सूचना जुळवायच्या. रोबो त्याबरहुकूम धावतो, ठोकळे उचलतो, त्या त्या रंगाच्या चौकोनात नेऊन ठेवतो. अशी बारा कामं. जितकी होतील तितके गुण.

सचिवांनी सुदर्शनला बोलावून घेतलं आणि चहा पाजला. त्यांचा चहा मिळाला की मागून काहीतरी येतं, हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

“औताडे, राज्यात पहिल्या तिनांत या. तुम्हाला कायम करायचा मान्यतेचा प्रस्ताव मी स्वतः हातानं घेऊन जातो. आणि समजा नाही जमलं, तर जूनपासून ती खोली आयआयटी-नीटच्या फाउंडेशन क्लासला द्यावी लागेल. तुमच्या संगणकाच्या तासिकाही बाहेरच्या लोकांकडे जातील. मला ते आवडणार नाही. पण तुम्ही समजून घ्याल.”

“हो साहेब,” सुदर्शन म्हणाला. समजून घेणं हा त्याचा जुना रोग होता.

नववीतली तीन पोरं त्यानं निवडली. सोनियाची बोटं चपळ होती आणि तिचे वडील पालक संघात होते. शिवमला स्वस्थ बसता येत नव्हतं, निदान इथं तरी कामाला लागेल म्हणून घेतला. तिसरी संस्कृती. तिची आई पारूबाई मुकुंदवाडीच्या बाजारात भाजी विकायची. संस्कृती कमी बोलायची, आणि बोलली की प्रश्नच विचारायची.

जुने संगणक सिम्युलेटर चालवताना धापा टाकत. रोबो मध्येच गोठायचा. सुदर्शननं सेटिंग चाळलं तर एका ठिकाणी खूण दिसली: प्रत्यक्ष परिस्थिती. चाकं घसरणं, उजेड कमीजास्त होणं, बॅटरी उतरणं, असलं सगळं त्या खुणेत होतं. त्यानं खूण काढून टाकली. संगणक सुरळीत चालायला लागला, आणि आणखी एक गोष्ट झाली. रोबो आता प्रत्येक वेळी अगदी तसाच धावायचा. एवढा वेळ पुढं, एवढं वळ, एवढा वेळ मागं. आकडे एकदा सापडले की सापडले.

हे सुदर्शनला लगेच ओळखीचं वाटलं. एकच प्रश्न, एकच उत्तर. रोबोच्या पोटाखाली काळी रेघ बघणारा एक सेन्सर होता, पण त्याची गरजच उरली नाही. रेघ कुठं आहे हे आधीच माहीत असताना बघायचं कशाला? बघण्यात वेळ जातो. त्यानं पोरांकडून आकडे पाठ करून घेतले. शिवम ते पाढ्यांच्या चालीवर म्हणायचा आणि वर्गातली बाकीची पोरं टाळ्या वाजवायची.

पहिल्या फेरीत आयोजकांचं मैदानही तसंच निघालं, गुळगुळीत आणि आज्ञाधारक. बाराच्या बारा कामं झाली. मराठवाड्यातून शाळा पहिली आली. फाटकावर फ्लेक्स लागला, त्यावर तीन पोरं, सचिव, आणि खालच्या कोपऱ्यात सुदर्शनचा फोटो.

मोनालीनं कामावर जाताना तो पाहिला. संध्याकाळी म्हणाली, “फ्लेक्सवर माणसाचा फोटो दोनदाच येतो. वाढदिवसाला नाहीतर श्रद्धांजलीला. तुमचा कशातला समजायचा?”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

अंतिम फेरी पुण्याला होती, आणि ती खऱ्या रोबोवर होती. हे पहिल्यापासून नियमात लिहिलेलं होतं आणि त्यानं ते वाचलेलंही होतं. पण वाचलेलं सगळंच काही माणसाच्या आत जात नाही. संस्थेनं आता मात्र घाईनं रोबो मागवला. खोकं आलं, पोरांनी तो जोडला, चटई फरशीवर अंथरली. सोनियानं प्रोग्रॅम चढवला.

रोबो निघाला. पहिल्याच वळणावर जरा जास्त वळला. मग जिथं ठोकळा नव्हता तिथं हात घालून त्यानं हवा उचलली, ती मोठ्या निगुतीनं लाल चौकोनाच्या शेजारी ठेवली, आणि चटई सोडून कपाटाखाली गेला.

“सर,” शिवम म्हणाला, “हा पिऊन आलाय.”

सोनिया खुदकन हसली. सुदर्शन हसला नाही. “परत ठेव,” म्हणाला.

परत ठेवला. या वेळी तो कमी वळला आणि दाराकडं गेला.

“एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. सर, याला घरच सापडंना.”

“तू गप रे. परत ठेव.”

त्या दिवशी त्यांनी तो किती वेळा ठेवला याची गणती नव्हती. बॅटरी भरलेली असली की रोबो उधळायचा, उतरली की रेंगाळायचा. शहाबादी फरशीवर धूळ असली तर चाकं घसरायची, पुसली तर चिकटायची. ठेवताना पोराचा हात केसभर तिरका झाला तरी पुढं वीतभर फरक पडायचा. पडद्यावर रोबो ठेवावा लागत नव्हता, तो असायचाच. इथं प्रत्येक गोष्ट कुणीतरी करावी लागत होती, आणि कुणीतरी केलं की ते निराळं व्हायचं. सुदर्शन भिंतीला टेकून बसला. त्याला वाटलं, आपण इतकी वर्षं पोरांना हेच देऊन बाहेर सोडलं असणार. बाहेरची फरशी कशी होती ते कुणी परत येऊन सांगितलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी संस्कृती त्याच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, त्याला खाली डोळा आहे ना?”

“आहे.”

“मग आपण डोळे बांधून का पळवतोय त्याला?”

“डोळा उघडला की तो बघत बघत जातो. बघत जाणाऱ्याला वेळ लागतो, संस्कृती. नवा प्रोग्रॅम लिहायचा, तो बसवायचा, एवढे दिवस कुठं आहेत आपल्याकडं? घाईघाईत बारातली चार कामं होतील. चारावर नंबर येत नाय.”

“पण चार तर होतील.”

“चार घेऊन काय करू मी?”

‘मी’ म्हटल्याचं त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं, आणि तिच्याही आलं असावं, कारण ती खाली बघायला लागली.

हिशोब साधा होता आणि त्यात फट नव्हती. डोळ्यानं गेलं तर नक्की हरणार. आकड्यांनी गेलं तर बहुतेक हरणार. त्या ‘बहुतेक’मध्ये त्यानं आपला सगळा संसार कोंबला. रोज खोली स्वतः पुसायची, चाकं ओल्या फडक्यानं पुसायची, बॅटरी ठरावीक जागी आली की मगच पळवायचं. रोबो ठेवायचं काम त्यानं पोरांच्या हातातून काढून घेतलं. आकडे थोडे वाढवायचे, थोडे घटवायचे. दहापैकी तीनदा बरं जमायचं. मग त्या तिनांच्या जोरावर तो रात्री झोपायचा प्रयत्न करायचा.

“तोंड बघा आरशात,” मोनाली म्हणाली. “त्या खेळण्यापायी किती वाळलात. साहेबांना सांगून टाका ना, खरा रोबो आत्ता आलाय, जमणार नाय म्हणून. माणसंच आहेत ती.”

“फ्लेक्स लागलाय.”

“मग लागू द्या. उन्हानं उडतोच रंग त्याचा.”

“तुला नाय कळायचं.”

“मला सगळं कळतं,” ती म्हणाली, “फक्त ते आधी कळत नाय तुमच्यासारखं.”

पुण्याला ते बसनं गेले. एका कॉलेजचा मोठा हॉल, थंड हवा, चटया इथं जमिनीवर नव्हत्या तर प्लायवुडच्या टेबलांवर. टेबलांभोवती दोरी. दोरीच्या आत फक्त पोरं. शिक्षकानं बाहेर उभं राहायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. फेऱ्या दोन, त्यातली बरी ती धरणार. सकाळी सरावाची वेळ मिळाली. दोरीबाहेरून सुदर्शन आकडे बदलायला सांगत होता, सराव होता म्हणून तेवढी मुभा होती, आणि शेवटच्या खेपेला अघटित घडलं. रोबो निघाला, वळला, उचललं, ठेवलं, पुन्हा वळला. बारापैकी अकरा कामं. शेजारच्या टेबलावरची पोरं बघायला आली. शिवमनं सोनियाला उचललंच असतं, ती ओरडली म्हणून थांबला. सुदर्शन खुर्चीवर बसला. निराशेची त्याला सवय होती. आशा आली तेव्हा मात्र ती कुठं धरायची हेच त्याला सुचेना.

नंबर यायला वेळ होता. तेवढ्यात सोनियानं, रोबोला कमी पडू नये म्हणून, प्रेमानं बॅटरी चार्जिंगला लावली आणि पुरती भरली. हे सुदर्शनला कळलं तेव्हा पंचांनी नाव पुकारलं होतं.

पहिली फेरी. रोबो उधळला. पहिलं वळण मागं टाकून ठोकळे ढकलत तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला, आणि कडेच्या बुटक्या लाकडी भिंतीला तोंड लावून त्याची चाकं फिरत राहिली. वेळ संपेपर्यंत तो बंद करायचा नाही, असा नियम होता. सगळ्यांनी उभं राहून ते बघितलं.

दुसऱ्या फेरीआधी प्रोग्रॅम दुरुस्त करायला थोडा अवधी असतो. सोनिया रडत होती. शिवमला पहिल्यांदाच काही सुचत नव्हतं. संस्कृतीनं लॅपटॉप ओढून घेतला, रेघ बघत जायच्या कच्च्या सूचना तिनं त्यात कधीच्या जुळवून ठेवल्या होत्या, आणि दोरीबाहेर सुदर्शनकडं बघितलं. मग तिनं स्वतःच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला, आणि काढला.

त्याला कळलं. न कळण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. हो म्हटलं तर आपल्याच मानेनं आपलं पोट मारायचं. नाही म्हटलं तर पुन्हा ती भिंत, आणि भिंतीला घासणारी ती चाकं. नियम होताच, खुणा करायच्या नाहीत. पण नियमासाठी नव्हे, त्यानं स्वतःसाठीच तोंड फिरवलं. मागच्या भिंतीवर सूचनांचा तक्ता होता. आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये. घाबरून धावू नये. तो वाचत राहिला. खाली कुठल्या तरी अधिकाऱ्याची सही होती, तीसुद्धा वाचली.

मागं मोटरीचा आवाज सुरू झाला. तो हळू होता, अडखळत होता, थांबत होता, पुन्हा निघत होता. आवाजावरूनच त्यानं ओळखलं. घंटा वाजेपर्यंत तो वळला नाही.

चार कामं झाली होती.

जिंकणाऱ्या संघांचे रोबोही बघत बघतच धावत होते, पण वाऱ्यासारखे. त्यांनी वर्षभर खऱ्या चटईवर घाम गाळला होता. यादीत शाळेचं नाव बरंच खाली होतं. परतताना अहिल्यानगरच्या स्थानकावर पोरांनी वडापाव खाल्ले, आणि शिवम म्हणाला, “सर, निदान शेवटी तरी तो शुद्धीवर आला.” कुणी हसलं नाही. संस्कृती खिडकीला डोकं लावून बसली होती. तिनं रस्ताभर सुदर्शनकडं बघितलं नाही, आणि त्याला ते बरं वाटलं.

सोमवारी सचिवांनी बोलावलं. चहा नव्हता.

“बसा, औताडे. सोनियाचे वडील येऊन गेले काल. म्हणाले, सरांचा प्रोग्रॅम उत्तम होता. सकाळी सरावात बारापैकी अकरा झाली होती. खरं का?”

“हो साहेब.”

“मग दुसऱ्या फेरीत त्या भाजीवाल्या बाईंच्या मुलीनं तो परस्पर बदलला, असं ते म्हणतात.” सचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यात कपट नव्हतं. “तसं असेल तर गोष्ट वेगळी. मग शिक्षकाचा दोष नाही. मी कार्यकारिणीला सांगू शकेन, माणूस चांगला आहे, आणखी एक वर्ष द्या. खोली राहील. ती मुलगी पुढच्या वेळी संघात नसेल, एवढंच. तिलाही बोलावलंय, बाहेर बसलीय. पण आधी तुम्ही सांगा. बदलला का तिनं परस्पर?”

इतका सोपा प्रश्न सुदर्शनला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर प्रश्नाच्या शेजारीच लिहून ठेवलं होतं. फक्त मान हलवायची होती, आणि ते उत्तर खोटंही नव्हतं. त्यानं काहीच ठरवलं नाही. ठरवलं असतं तर त्यानं मान हलवली असती.

“मी सांगितलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“बदल म्हणून. मीच सांगितलं होतं तिला.”

सचिवांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “तुम्ही? अकरा कामांचा प्रोग्रॅम हातात असताना?”

“हो.”

“मग माझ्या हातात काही उरलं नाही, औताडे.”

तो उठला. चांगलं काही केल्यावर छाती हलकी होते म्हणतात. त्याची झाली नाही. घरी मोनालीला काय सांगायचं, एवढंच त्याला दिसत होतं.

सचिवांच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. बाहेरच्या बाकावर संस्कृती बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“सर,” ती उभी राहत हळूच म्हणाली, “तुम्ही कुठं सांगितलं होतं?”

तो बाकाच्या कडेशी येऊन थांबला.

“मी विचारलं तर तुम्ही तोंड फिरवलं होतं.”

“व्हय.”

“नाय म्हणाला असता तरी चाललं असतं मला. मी नसता बदलला. तुम्ही कायच बोलला नाय.” तिचा आवाज रागाचा नव्हता. एखादी गोष्ट जशी घडली तशी मांडताना असतो तसा होता. “मला लई भ्या वाटलं तेव्हा.”

शिपायानं पडद्याआडून तिला हाक मारली. ती आत गेली. पडदा हलला आणि थांबला.

“बस बेटा. घाबरू नकोस,” सचिवांचा आवाज आला. “मला एकच सांग. प्रोग्रॅम बदलायला सरांनी सांगितलं होतं का तुला?”

बाहेर सुदर्शनचा हात आपोआप बाकाच्या पाठीवर गेला.

“नाय साहेब,” संस्कृती म्हणाली. “सरांनी नाय सांगितलं. मीच बदलला.”

“वाटलंच मला,” सचिव म्हणाले. “ चांगला माणूस आहे, पोरांचं स्वतःवर घेतो बिचारा. ठीक आहे. जा तू. पुढच्या वर्षी मात्र तुला संघात घेता येणार नाही, एवढं ध्यानात ठेव.”

“बरं,” ती म्हणाली.

ते ऐकताच सुदर्शनच्या अंगातून काहीतरी सैल होत उतरलं, पाठीतून, मांड्यांतून, पार टाचांपर्यंत. एक वर्ष. खोली. मोनालीचा चेहरा. ती सुटका गोड होती. संस्कृती बाहेर येऊन त्याच्या शेजारून वर्गाकडं गेली. आत जायला पाऊलभराचं अंतर होतं. आत जाऊन सांगता आलं असतं, पोरगी खरं बोलतेय पण अर्धंच बोलतेय, तिनं मला विचारलं होतं आणि मी भिंत वाचत उभा राहिलो. त्यानं पडद्याला हातही लावला. कापड जुनं होतं, तेलकट झालं होतं.

“सर,” शिपाई म्हणाला, “दहावीवर तास आहे तुमचा. पोरं गोंधळ घालायलीत.”

आणि सुदर्शन औताडे दहावीवर गेला.